पंच्याण्णव टक्क्यांचे भय : ‘एक्सकॉम’चे पुनरुज्जीवन आणि त्याची समीक्षा

२०११च्या जुलैत टूके गेम्स या प्रकाशन कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष क्रिस्टोफ हार्टमन यांनी एका मुलाखतीत सांगितले, की डावपेचांचे गेम आता समकालीन राहिलेले नाहीत. दाखला दिला तो संगीताचा : रे चार्ल्स आज गाणी करत असते तर ते रे चार्ल्सच राहिले असते, पण ढंग बहुधा कान्ये वेस्टचा घेतला असता, अशा आशयाचा. निमित्त होते ‘एक्सकॉम’ या जुन्या मालिकेचे. आदल्या वर्षी, २०१०मध्ये, त्यांच्या कंपनीने तिचा नवा अवतार जाहीर केला होता. जुना गेम पाळीपाळीने, थांबून, विचार करून खेळायचा. नवा बंदूक हाती घेऊन पळापळ करत खेळायचा. जुने खेळाडू चिडले होते. गंमत अशी, की हार्टमन हे बोलत होते तेव्हा त्यांच्याच छत्राखालच्या दुसऱ्या स्टुडिओत, मेरीलँडमधल्या फिरॅक्सिसमध्ये, तोच गेम पुन्हा पाळीपाळीने खेळायचा म्हणून घडत होता.

तो जानेवारी २०१२मध्ये जाहीर झाला आणि ऑक्टोबरात ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’ या नावाने बाजारात आला. परीक्षणांची गुणसरासरी शंभरात नव्वदच्या आसपास गेली. कोटाकू आणि जायंट बॉम्ब यांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवले. बंदूकवाला अवतार नाव बदलून, रूप बदलून ऑगस्ट २०१३मध्ये ‘द ब्यूरो’ म्हणून आला, मध्यम परीक्षणे मिळवून गेला आणि आज त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

ही हकीकत एरवी एवढीच सांगितली जाते. व्यापाऱ्यांना कळले नाही, कारागिरांना कळले, जाणकारांनी दाद दिली. मला या हकीकतीतला तिसरा भाग तपासायचा आहे. जाणकारांनी दाद दिली ती नेमकी कशाला? गेली काही वर्षे मी या मालिकेवरची परीक्षणे, निर्मात्यांच्या मुलाखती आणि खेळाडूंचे वाद जमवून वाचतो आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे, की परीक्षकांनी नव्या गेमचे नियम जुन्या नियमांशी ताडले, मात्र नियमांच्या आड जे बदलले होते ते बहुतेकांच्या नजरेतून सुटले. गेमचा रस बदलला होता. हा शब्द मी काव्यशास्त्रातल्या अर्थानेच वापरतो आहे. दिवाळी अंकाच्या वाचकाला व्हिडिओ गेमचे काय, असे कुणी विचारील. पण जुनी कृती नव्याने उभी करताना तिचे काय टिकते आणि काय जाते, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. रात्र रात्र चालणारी संगीत नाटके तीन तासांत बसवली गेली तेव्हा चर्चा पदे किती गाळली याचीच अधिक झाली.

आधी मूळ गेम. १९९४मध्ये इंग्लंडमधल्या ज्युलियन आणि निक या गोलॉप बंधूंनी तो केला. त्यांच्या संस्थेचे नाव मिथॉस गेम्स, प्रकाशक मायक्रोप्रोज. युरोपात नाव होते ‘यूएफओ : एनिमी अननोन’, अमेरिकेत ‘एक्सकॉम : यूएफओ डिफेन्स’. (जुन्या नावात ‘एक्स’ आणि ‘कॉम’च्या मध्ये संयोगचिन्ह होते, पुनरुज्जीवनात ते गेले. मी दोन्ही सारखेच लिहितो आहे.) ज्युलियन गोलॉप यांनी १९८८मध्ये ‘लेझर स्क्वॉड’ हा छोट्या चकमकींचा गेम केला होता आणि हा त्याचाच पुढचा भाग म्हणून सुरू झाला. प्रकाशकाला काहीतरी मोठे हवे होते. म्हणून चकमकींच्या वर पृथ्वीचा एक फिरता गोल आला. त्या गोलावर उडत्या तबकड्या उतरतात; खेळाडू तळ बांधतो, संशोधन करवून घेतो, विमाने पाठवून तबकड्या पाडतो; आणि तबकडी पडली, की चौदापर्यंत सैनिक घेऊन तिथे उतरतो. तिथून पुढे पट मांडल्यासारखा खेळ. एक पाळी आपली, एक शत्रूची.

मी हे दोन्ही गेम एकाच वर्षात खेळलो, नवा आधी आणि जुना नंतर. त्यामुळे जुन्याविषयीचे स्मरणरंजन माझ्याजवळ नव्हते. नव्याची सवय मात्र होती. त्या सवयीने जुन्यात उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती अंधाराची. रात्रीची मोहीम, अमेरिकेतले एखादे शेत, विमानाची मागची उतरण. सैनिक दोन पावले पुढे येतो आणि कुठूनतरी हिरवी रेघ येऊन त्याला संपवते. कुणी मारले ते दिसत नाही. मग शत्रूची पाळी येते आणि पडदा झाकला जातो. त्यावर एक चित्र आणि ‘हिडन मूव्हमेंट’ एवढे दोन शब्द. कुणीतरी हलते आहे, पण ते तुम्हाला दिसणार नाही. कधी दार उघडल्याचा आवाज येतो, कधी कुणाची किंकाळी. मग पुन्हा तुमची पाळी.

त्या गेमचा प्राण या दोन शब्दांत आहे, असे मला वाटते. तिथल्या सैनिकांना नावे असतात, ती बदलताही येतात, पण नवे भरती केलेले सैनिक स्वस्त असतात आणि पहिल्या मोहिमेत निम्मे गेले तरी खेळाडू शोक करत बसत नाही. रस आहे तो भयानक, आणि भयाचे कारण अज्ञान.

फिरॅक्सिसच्या गेमचे प्रमुख रचनाकार जेक सोलोमन हे मूळ गेमचे निस्सीम भक्त. या मालिकेच्या पुनरुज्जीवनाचा त्यांचा पहिला प्रयत्न बऱ्याच वर्षांपूर्वी फसला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. फिरॅक्सिसचे आणखी एक नाते लक्षात ठेवण्याजोगे आहे : ही संस्था १९९६मध्ये सिड मायर आदींनी मायक्रोप्रोज सोडून स्थापन केली. मधल्या काळात मालिकेचे हक्क मायक्रोप्रोजबरोबर हास्ब्रोकडे, मग इन्फोग्रामकडे आणि २००५मध्ये टेक-टूकडे गेले. त्याच वर्षी टेक-टूने फिरॅक्सिसही विकत घेतली. म्हणजे मुलगी फिरून माहेरीच आली.

सोलोमन यांनी काय काय बदलले याची यादी प्रत्येक परीक्षणात आहे. जुन्या गेममध्ये प्रत्येक सैनिकाजवळ ‘टाइम युनिट’ असत. पाऊल टाकणे, वळणे, गुडघा टेकणे, गोळी झाडणे, सगळ्याला त्यातून खर्च. नव्यात दोन कृती : चाला आणि झाडा, किंवा चाला आणि आणखी चाला. अनेक तळांऐवजी एकच तळ. चौदाऐवजी सुरुवातीला चार आणि पुढे फार तर सहा सैनिक. हे सगळे दूरचित्रवाणीसमोर कंट्रोलर घेऊन बसणाऱ्यांसाठी सोपे केले, असा जुन्या खेळाडूंचा संशय होता. परीक्षकांचे उत्तर साधारण असे, की सोपे झाले पण उथळ झाले नाही. हा वाद तेव्हा फार रंगला. आज वाचताना तो कोरडा वाटतो, कारण दोन्ही बाजू नियमांचाच हिशेब मांडत होत्या.

परीक्षणांत दुसरे काय आहे ते पाहिले तर वेगळेच दिसते. परीक्षक जेव्हा नियम सोडून अनुभव सांगू लागतात तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते : मी माझ्या सैनिकांना मित्रांची नावे दिली, सहकाऱ्यांची दिली, आणि ते मेले. सैनिक चारच असल्यामुळे प्रत्येक जण माणूस होतो. दोन-तीन बढत्यांनंतर गेम त्याला टोपणनाव देतो. मेला की तळाच्या बराकीत स्मृतिभिंतीवर त्याचे नाव लागते. खेळाडूला तिथे जाऊन गेलेल्यांची यादी पाहता येते. परीक्षणे लिहिता लिहिता मृत्युलेख होतात. हा करुण रस आहे, आणि २०१२च्या परीक्षणांतला सर्वांत जिवंत मजकूर हाच. पण जवळजवळ कुणीही असे म्हटले नाही, की हे जुन्या गेममध्ये या रूपात नव्हते. ‘मूळचा आत्मा जपला’ हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येत राहिले. भयानकाच्या जागी करुण आला, आणि परीक्षकांनी त्याला निष्ठा म्हटले.

(जाता जाता : या गेममध्ये प्रकल्पाला पैसा पुरवणाऱ्या सोळा देशांत भारत आहे, त्यामुळे पथकात भारताचा झेंडा लावलेले सैनिक येतात. २०१२मध्ये ते सगळे अस्सल अमेरिकी उच्चारात बोलत. मी एकीचे नाव बदलून रोमन लिपीत ‘यमुना’ ठेवले. तिने एकदा कडक अमेरिकन आवाजात गोळ्या संपल्याचे सांगितले आणि करुण रसात हास्य मिसळले.)

आता भयाचे काय झाले? ते गेले नाही, पण त्याची जागा बदलली. नव्या गेममध्ये गोळी झाडण्यापूर्वी पडद्यावर शक्यता दिसते : ४५ टक्के, ७० टक्के, ९५ टक्के. जुन्यातही आकडा होता, पण तो नेमबाजाच्या अचूकतेचा होता. चुकलेली गोळी तिथे पुढे जात राही. कधी भिंतीला, कधी कुंपणाला, कधी आपल्याच सोबत्याला लागे. नव्यातला आकडा थेट निकालाचा आहे. आडोसा, उंची, अंतर, सगळे हिशेबात घेऊन गेम तुम्हाला सांगतो, की लागण्याची शक्यता इतकी. अज्ञान संपले. आणि त्या क्षणी एक नवीन भीती जन्मली, जी जुन्यात नव्हती : सगळे माहीत असूनही चुकण्याची.

९५ टक्क्यांना नेम चुकला, ही या गेमबद्दलची सर्वांत प्रसिद्ध तक्रार. गणित पाहिले तर तक्रारीला जागा नाही. ९५ टक्क्यांचे दहा नेम घेतले, तर त्यांपैकी एक तरी चुकण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. ८५ टक्क्यांचे तीन नेम लागोपाठ लागण्याची शक्यता ६१ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाचांत दोनदा त्यांतला एखादा हुकणारच. पण माणूस ८५ हा आकडा ‘जवळजवळ नक्की’ असाच वाचतो. निर्मात्यांना हे ठाऊक होते. म्हणून सोप्या पातळ्यांवर गेम खेळाडूला गुपचूप मदत करतो. नेम चुकत गेले, की पुढच्याची खरी शक्यता दाखवलेल्या आकड्याहून वाढवतो. सोलोमन यांनी हे उघडपणे सांगितले आहे. म्हणजे ज्यांनी ‘गेम खोटे बोलतो’ असा आरोप केला ते बरोबर होते, फक्त खोटे त्यांच्याच बाजूने बोलले जात होते!

या आकड्याने परीक्षकांना कोड्यात टाकायला हवे होते. कृती आपल्याला शक्यता सांगते आणि त्या शक्यतेवर आपण विश्वास ठेवू शकत नाही, यातून जे घडते ते नशिबाच्या जुन्या कल्पनेहून निराळे आहे. फाशांच्या खेळात दोष फाशांवर जातो. इथे आकडा पाहून, मान्य करून, बटण तुम्ही दाबलेले असते. स्मृतिभिंतीवरचा करुण रस इतका दाट होतो तो त्यामुळे : यमुना नशिबाने मेली असे म्हणता येत नाही, मी तिला उघड्यावर उभी करून ७५ टक्क्यांवर डाव लावला म्हणून ती मेली. २०१२च्या परीक्षणांत आकड्याची चर्चा आहे आणि मृत्यूंची चर्चा आहे. दोन्ही जोडलेली मला क्वचितच आढळली.

परीक्षकांना दोष देताना त्यांच्या कामाची रीतही पाहिली पाहिजे. गेम हाती आल्यावर मजकूर द्यायला थोडे दिवस मिळतात. एवढ्यात एक पूर्ण खेळ जेमतेम होतो, आणि या गेमची खोड दुसऱ्या खेळात दिसते. शत्रू इथे टोळक्यांनी असतात आणि तुमची नजर पडेपर्यंत तुमच्यावर चालून येत नाहीत. नजर पडली, की त्यांना आडोशाला पळण्याची फुकट संधी मिळते. पहिल्या खेळात हे नाट्यमय वाटते. दुसऱ्यात खेळाडू शहाणा होतो : प्रत्येक पाळीला थोडेसेच सरकायचे, सगळ्यांना ‘ओव्हरवॉच’वर, म्हणजे शत्रू हलताच झाडायच्या तयारीत ठेवायचे, आणि वाट पाहायची. जिंकण्याची शक्यता वाढते, गेम कंटाळवाणा होतो. अंधारात चाचपडणाऱ्या जुन्या खेळाडूची जागा हळूहळू हिशेबी कारकुनाने घेतली.

हे निर्मात्यांनी परीक्षकांपेक्षा आधी वाचले. नोव्हेंबर २०१३च्या ‘एनिमी विदिन’ या विस्तारात त्यांनी मैदानावर एका मौल्यवान द्रव्याच्या कुप्या ठेवल्या. काही पाळ्यांत पोहोचला नाहीत तर त्या नष्ट होतात. हे आमिष होते. फेब्रुवारी २०१६मध्ये ‘एक्सकॉम २’ आला तेव्हा आमिषाची सक्ती झाली : बऱ्याच मोहिमा ठराविक पाळ्यांतच पूर्ण करायच्या. परीक्षकांनी पुन्हा भरभरून गुण दिले. खेळाडूंतला मोठा गट संतापला आणि ही मुदत काढून टाकणारे बदल, ज्यांना गेमच्या जगात मॉड म्हणतात, काही दिवसांतच फिरू लागले. २०१७च्या ‘वॉर ऑफ द चोझन’ या विस्तारात मुदत वाढवून घेण्याची सोय आली.

हा संताप समजून घेताना मालिकेच्या इतिहासातली एक जुनी गोष्ट आठवते. १९९४च्या मूळ गेममध्ये एक दोष होता : कुठलीही काठिण्यपातळी निवडली तरी पुढे गेम आपोआप सर्वांत सोप्या पातळीवर येई. हे तेव्हा कुणाला माहीत नव्हते. निष्णात खेळाडूंनी तक्रार केली, की गेम फार सोपा आहे. त्या तक्रारी ऐकून १९९५चा ‘टेरर फ्रॉम द डीप’ हा पुढचा भाग कठीण केला गेला, इतका की तो त्याच्या निर्दयपणासाठीच ओळखला जातो. तक्रार खरी होती, तिचे निदान चुकले होते. २०१६चा मुदतीविरुद्धचा आरडाओरडा मला तसाच वाटतो. खेळाडूंना घाई नकोशी झाली असे वरवर दिसते. पण ज्याला प्रत्येक नेमाचा आकडा देऊन विचार करायला शिकवले, त्याच्या मागे घड्याळ लावणे ही दोन परस्परविरोधी मागण्यांची अडचण होती. जुन्या गेमला घड्याळ लागले नाही, कारण तिथे थांबूनही कळण्यासारखे फारसे काही नव्हते.

अशा प्रश्नांवरची खरी कसदार समीक्षा मला परीक्षणांच्या बाहेर सापडली, आणि ती गद्यात नाही. ‘लाँग वॉर’ हा मॉड काही हौशी मंडळींनी २०१२च्या गेमवर रचला. सैनिकांचे चार वर्ग होते त्यांचे आठ केले. मोहिमेवरून परतलेल्याला थकवा आणला, त्यामुळे चार-सहा लाडक्यांवर गेम चालवता येईना. मोठे पथक सांभाळावे लागले, कोण घरी राहणार हे रोज ठरवावे लागले. एक खेळ शेकडो तास चालू लागला. हे नुसते लांबवणे नव्हे. मूळच्या पसाऱ्यातली माणसांची अदलाबदल आणि नव्यातला शोक एकत्र राहू शकतात का, हे इथे करून पाहिले होते. सोलोमन यांनी त्याची दखल ज्या शब्दांत घेतली त्याचा आशय असा, की आमचा गेम म्हणजे ‘लाँग वॉर’ची वीस तासांची शिकवणी आहे. पुढे ‘एक्सकॉम २’च्या प्रकाशनाच्या वेळी त्याच मंडळींकडून मॉड करून घेण्यात आले. समीक्षकाला लेखकाने असे घरात घेतल्याचे उदाहरण साहित्यात शोधावे लागेल.

२०१४मध्ये दोन उत्तरे आणखी आली. ‘झेनोनॉट्स’ या इंग्लंडमधल्या छोट्या चमूच्या गेमने टाइम युनिट आणि अनेक तळ परत आणले. ‘ओपनएक्सकॉम’ने मूळ गेमच आधुनिक संगणकांवर चालेल असा, दोष दुरुस्त करून, मुक्त स्वरूपात पुन्हा उभा केला. पहिले निष्ठावान आहे, थोडे भाविकही. दुसरे म्हणजे संहितेची चिकित्सक आवृत्ती. मला दुसऱ्याचे मोल अधिक वाटते.

राहता राहिले ज्युलियन गोलॉप. पुनरुज्जीवनाबद्दल ते सार्वजनिकरीत्या आपुलकीनेच बोलले आहेत. डिसेंबर २०१९मध्ये त्यांनी स्वतःचा ‘फिनिक्स पॉइंट’ आणला. तो जुन्या ‘एक्सकॉम’चा वारस म्हणून ओळखला गेला खरा, पण परीक्षणांत त्याची तुलना झाली ती मुख्यतः फिरॅक्सिसच्या गेमशी. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने पट आखला, त्याच्या नव्या डावाला मोजपट्टी लागली ती पुनरुज्जीवनाची.

त्या गेममध्ये हाताने नेम धरला की टक्केवारी दिसत नाही. बंदुकीच्या टोकाशी दोन वर्तुळे येतात. आतल्यात निम्म्या गोळ्या जाणार, बाहेरच्यात सगळ्या. मध्ये खांब असेल तर खांबाला लागतील, सोबती असेल तर सोबत्याला. किती शक्यता आहे हे वर्तुळात शत्रूचे किती अंग येते ते पाहून तुम्हीच ठरवायचे, आणि चाप ओढायचा.